फुकट की वर्गणी? ऑनलाइन गेम कशावर टिकतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन गेममध्ये वेळ आणि पैसा घालण्याआधी (आणि बरेचदा घातल्यानंतर) लोक जे प्रश्न सारखे पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. डॉलरमधल्या किमती त्या त्या कंपन्यांच्या अमेरिकेतल्या आहेत. हिशेबासाठी आकडे गृहीत धरले आहेत तिथे तसं लिहिलं आहे.

१. फ्री-टू-प्ले आणि सबस्क्रिप्शन यात नेमका फरक काय?

सबस्क्रिप्शन म्हणजे वर्गणी. महिना भरला की दार उघडं, नाही भरला की बंद. फ्री-टू-प्लेमध्ये दार कायम उघडं असतं, पैसे आतल्या वस्तूंचे लागतात. तिसरा प्रकार एकदाच विकत घेण्याचा. २००५ चा 'गिल्ड वॉर्स' हे त्याचं जुनं उदाहरण.

आज यातला शुद्ध प्रकार शोधूनही सापडत नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' वर्गणीचा गेम, पण २० व्या लेव्हलपर्यंत फुकट खेळता येतो. 'फायनल फँटसी १४' ची मोफत चाचणी २०२३ पासून थेट ७० व्या लेव्हलपर्यंत जाते आणि तिला दिवसांची मर्यादा नाही. उलट 'जेनशिन इम्पॅक्ट' फुकट आहे, पण त्यातला सगळ्यात स्वस्त सौदा म्हणजे ३० दिवसांचं कार्ड. ती वर्गणीच झाली, नाव वेगळं. त्यामुळे गेमवर कोणती पाटी लावली आहे हे सोडा. पैसे न देता नेमकं काय अडतं, ते बघा.

२. गेम फुकट आहे, मग कंपनीचं पोट कशावर भरतं?

बहुतेक खेळाडू कधीच काही देत नाहीत. काही जण अधूनमधून एखादी स्किन (पात्राचा नुसता दिसायचा पोशाख) किंवा बॅटल पास (सीझनच्या ठरावीक मुदतीत खेळून बक्षिसं मिळवायचा परवाना) घेतात. आणि अगदी मोजके लोक इतका खर्च करतात की बाकीच्यांचा भार त्यांच्यावर निघतो. धंद्यात त्यांना 'व्हेल' म्हणतात. मोबाइल गेममध्ये याला जाहिरातींची जोड असते.

फुकट खेळणारे कंपनीला ओझं वाटतात हा गैरसमज आहे. मॅच काही सेकंदांत लागते ती त्यांच्यामुळेच, आणि हजारोंची स्किन घालून मिरवायला बघणारे लागतात तेही हेच.

३. जास्त काळ टिकायला कोणता प्रकार बरा? एका वाक्यात सांगा.

खेळाडू कमी पण चिवट असतील तर वर्गणी. खेळाडू प्रचंड, डाव छोटा आणि मित्र मित्राला ओढून आणतो असा गेम असेल तर फुकट. एका वाक्यात इतकंच सांगता येतं. कारण पुढच्या उत्तरात आहे.

४. हे आकड्यांत समजावून सांगाल का?

समजा एका गेमवर ४० माणसं काम करतात आणि माणशी महिना खर्च १०,००० डॉलर. झाले ४ लाख. सर्व्हर, ग्राहक सेवा, किरकोळ मिळून आणखी १ लाख धरू. म्हणजे दरमहा ५ लाख डॉलर यायलाच हवेत. (सगळे आकडे गृहीत.)

वर्गणी १५ डॉलर असेल आणि स्टोअरचा वाटा, कर वगैरे जाऊन ११ डॉलर हातात पडत असतील, तर साधारण ४५,५०० सदस्य पुरतात.

आता हाच गेम फुकट करा. महिन्याला खेळणाऱ्या १०० जणांपैकी ३ जण पैसे देतात, सरासरी २० डॉलर. स्टोअरने ३० टक्के कापले की उरले १४. म्हणजे १०० खेळाडूंमागे ४२ डॉलर, एका खेळाडूमागे ४२ सेंट. तेच ५ लाख जमवायला सुमारे ११.९ लाख खेळाडू लागतात, म्हणजे वर्गणीच्या २६ पट. आणि इतक्या लोकांना सांभाळायचे सर्व्हर, फसवेगिरी पकडणारी माणसं यांचा खर्च वेगळा. तो वर धरलेलाच नाही.

खरी गोम मात्र गळतीत आहे. वर्गणीच्या गेममधून महिन्याला ५ टक्के लोक गळाले तर सुमारे २,३०० नवे सदस्य आणले की भागतं. फुकट गेममधून सोडून जाणं सोपं, कारण गेलं तरी काही बुडत नाही. तिथे गळती २० टक्के धरली तर महिन्याला जवळपास २.४ लाख नवे टिकाऊ खेळाडू हवेत. डाउनलोड करणाऱ्या १०० पैकी महिनाभराने ५ उरत असतील, तर त्यासाठी दरमहा ४८ लाख डाउनलोड. हे जाहिरातीशिवाय होत नाही, आणि जाहिरात फुकट नसते.

याची दुसरी बाजूही आहे. फुकट गेमला वरची मर्यादा नाही. वर्गणीदाराकडून महिन्याला १५ डॉलरच मिळतात, त्याची कितीही द्यायची इच्छा असली तरी. म्हणून गुंतवणूकदारांना फुकट आवडतं आणि छोट्या, जुन्या गेमना वर्गणी तगवते.

५. सबस्क्रिप्शनचे दिवस संपले असं दहा वर्षं ऐकतोय. खरं आहे का?

नव्या गेमसाठी बऱ्याच अंशी खरं, जुन्यांसाठी नाही. 'अल्टिमा ऑनलाइन' सप्टेंबर १९९७ पासून चालू आहे, 'ईव्ह ऑनलाइन' मे २००३ पासून. दोघांनीही पुढे मर्यादित फुकट प्रवेश दिला, पण वर्गणी सोडली नाही. 'ईव्ह'ने तर २०२२ मध्ये ती १४.९५ वरून १९.९९ डॉलर केली. 'ओल्ड स्कूल रूनस्केप' २०१३ मध्ये जुनी आवृत्ती पुन्हा सुरू करून उभा राहिला आणि आजही सदस्यत्वावर चालतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ऑक्टोबर २०१० मध्ये १ कोटी २० लाख सदस्यांवर पोचला होता. तिथून बराच उतरला, पण वर्गणी कायम आहे.

संपली ती एक समजूत: कोणताही मोठा गेम १५ डॉलर लावून सुरू करता येतो. वर्गणी हे पैशांपेक्षा दर महिन्याच्या वेळेचं वचन असतं. माणूस असे दोन गेम एकावेळी क्वचितच पाळतो. त्यामुळे नव्या गेमला आधी दुसऱ्या गेमच्या घरातून माणूस उठवावा लागतो, जिथे त्याचं गिल्ड (खेळाडूंचा गट) आहे, दहा वर्षांचं पात्र आहे.

६. वर्गणीचा गेम फुकट झाला म्हणजे तो शेवटच्या घटका मोजतोय का?

नाही, पण का फुकट झाला ते बघावं लागतं.

आत भरपूर तयार मजकूर (खेळण्याजोग्या कथा, मोहिमा) आहे आणि दारातली वर्गणीच लोकांना अडवते आहे, अशा वेळी रूपांतर चालतं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन' २००७ मध्ये आला, २०१० मध्ये फुकट झाला, आणि त्यानंतर महसूल तिप्पट झाल्याचं त्याच्या निर्मात्यांनी सांगितलं. 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' डिसेंबर २०११ मध्ये वर्गणीवर सुरू झाला आणि अकरा महिन्यांत फुकट झाला, तोही चालू आहे. 'एव्हरक्वेस्ट' १९९९ चा, फुकट झाला २०१२ मध्ये, आणि त्याला अजून नवे विस्तार (मूळ गेमला जोडायचे नवे भाग) मिळतात. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'ने मार्च २०१५ मध्ये सक्तीची वर्गणी काढली, पण ऐच्छिक ठेवली. तिच्यात कच्चा माल साठवायची अमर्याद पिशवी मिळते, आणि जो थोडंफार क्राफ्टिंग (कच्च्या मालातून वस्तू बनवणं) करतो तो त्या पिशवीसाठीच पैसे भरतो. आमच्या मते या सगळ्या रूपांतरांतली ही सर्वांत हुशार चाल.

जिथे लोक महिन्याभरात मजकूर संपवून निघून जातात तिथे दार उघडं टाकून उपयोग नसतो. 'वाइल्डस्टार' जून २०१४ मध्ये आला, सप्टेंबर २०१५ मध्ये फुकट झाला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद पडला. 'फायनल फँटसी १४' ची पहिली आवृत्ती इतकी फसली होती की २०१० च्या डिसेंबरात कंपनीने वर्गणी घेणंच थांबवलं. त्यानेही भागलं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते सर्व्हर बंद करून ऑगस्ट २०१३ मध्ये जवळजवळ नव्याने बांधलेला गेम आणला, तोही पुन्हा वर्गणीवरच, आणि तो चालला.

७. मोठमोठ्या कंपन्यांचे फुकट गेम वर्ष-दोन वर्षांत बंद का पडतात?

प्रश्न ४ मधला हिशेब पुन्हा बघा. लाखो खेळाडू असूनही गेम तोट्यात असू शकतो. 'हायपर स्केप' ऑगस्ट २०२० ते एप्रिल २०२२, 'रंबलव्हर्स' ऑगस्ट २०२२ ते फेब्रुवारी २०२३, 'एक्सडिफायंट' मे २०२४ ते जून २०२५. तिन्ही फुकट.

ऑनलाइन डावांच्या गेमला आणखी एक रोग जडतो. खेळाडू कमी झाले की मॅच लागायला वेळ लागतो. मग नवख्याला मुरलेल्यांसमोर उभं करावं लागतं, तो दोन डाव हरून निघून जातो, आणि रांग आणखी लांबते. एकट्याने खेळता येण्याजोगा मजकूर असलेल्या गेमला हा धक्का इतका लवकर बसत नाही.

म्हणून तिकीट लावलं असतं तर वाचला असता, असंही नाही. ४० डॉलरचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला.

८. वर्गणी भरूनही गेममध्ये दुकान का?

कारण ते चालतं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने एप्रिल २०१० मध्ये एक चमचमता घोडा २५ डॉलरला विकायला काढला आणि लोकांनी रांगा लावल्या. घोडा, कपडे इथपर्यंत ठीक. दुकानात ताकद किंवा वेळ वाचवणाऱ्या वस्तू दिसू लागल्या की सावध व्हा. वेळ वाचवणारी वस्तू विकायची तर आधी वेळ खाणारा अडथळा बांधावा लागतो, आणि तो तुमच्याच वर्गणीतून बांधला जातो.

९. बॅटल पास म्हणजे लहान वर्गणीच ना?

अर्धी वर्गणी. वर्गणीत पैसे दिले की सगळं मिळतं. पासात पैसे देऊन शिवाय कामही करावं लागतं. समजा पासाला १०० पायऱ्या आहेत, एका पायरीला ४५ मिनिटं लागतात आणि सीझन ७० दिवसांचा आहे. एकूण ७५ तास, म्हणजे रोज तासाभराहून थोडं जास्त. तुम्ही आठवड्यातून दोनदाच खेळत असाल तर शेवटच्या पायरीवरची स्किन तुमच्यासाठी नाहीच.

उपाय सोपा आहे: सीझनच्या सुरुवातीला पास घेऊ नका. फुकट पायऱ्या चढत राहा. बहुतेक गेममध्ये पास शेवटच्या आठवड्यात घेतला तरी चढलेल्या सगळ्या पायऱ्यांची बक्षिसं एकदम मिळतात. तोपर्यंत कितव्या पायरीपर्यंत पोचलात तेही कळलेलं असतं. 'हेलो इन्फिनिट'सारख्या काही गेमचे पास कधीच संपत नाहीत; तिथे घाई करायचं कारणच नाही.

१०. गाचा गेममध्ये हवं ते पात्र मिळवायला किती खर्च येतो?

गाचा म्हणजे चलन देऊन नशिबाने पात्र काढायचं; एकदा काढणं म्हणजे एक खेच. सरासरी विचारू नका, वाईटात वाईट किती ते विचारा. 'जेनशिन इम्पॅक्ट'चं उदाहरण घेऊ, कारण त्याचे नियम गेममध्येच लिहिलेले आहेत.

एका खेचीला १६० प्रायमोजेम (गेममधलं चलन). पंचतारांकित (सर्वांत दुर्मिळ) पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के, पण ९० व्या खेचीला ते मिळतंच. मात्र ते तुम्हाला हवं तेच असेल याची पहिल्यांदा खात्री नाही. हुकलं तर पुढचं नक्की. म्हणजे वाईटात वाईट १८० खेची, २८,८०० प्रायमोजेम.

आता पैसे. पाच डॉलरच्या ३० दिवसांच्या कार्डातून लगेच ३०० आणि रोज ९०, असे ३,००० मिळतात. रोजच्या चार कामांचे ६० धरले तर महिन्याला आणखी १,८००. दोन्ही मिळून ४,८००, म्हणजे वाईटात वाईट सहा महिने आणि ३० डॉलर. तेच आज रात्रीच हवं असेल तर चलनाचा १०० डॉलरचा सर्वांत मोठा गठ्ठा घ्यावा लागतो; पहिल्या खरेदीचा दुप्पट लाभ वापरून झाल्यावर त्यात ८,०८० येतात. २८,८०० साठी चार गठ्ठे. ४०० डॉलर.

पात्र तेच, ३० आणि ४०० मधला फरक फक्त धीराचा आहे. कार्डाचे रोजचे ९० त्या दिवशी लॉगिन केलं तरच मिळतात, हे विसरू नका.

११. शक्यता १ टक्का लिहिली आहे. १०० वेळा खेचलं तर एक मिळणारच ना?

नाही. प्रत्येक वेळी न मिळण्याची शक्यता ०.९९, ती शंभर वेळा स्वतःशी गुणली की ०.३६६ उरते. म्हणजे शंभर खेचींनंतरही तीनपैकी एकाहून जास्त लोक रिकाम्या हाताने उठतात. ९० टक्के खात्रीसाठी सुमारे २३० खेची लागतात. कितव्या खेचीला नक्की मिळेल हे जिथे लिहिलेलंच नाही, त्या गेममध्ये एक पैसाही टाकू नका.

१२. मी गेममधलं सोनं देऊन टोकन घेतो आणि वर्गणी भरतो. म्हणजे मी फुकटच खेळतो ना?

तुम्ही फुकट खेळता, पण तुमचे पैसे कुणीतरी भरलेले असतात, आणि ते जास्तच. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चं टोकन २०१५ मध्ये आलं. एक खेळाडू ते २० डॉलरला घेऊन लिलावात विकतो, दुसरा ते सोन्याने घेऊन ३० दिवस खेळतो. कंपनीला १५ ऐवजी २० मिळाले. 'ईव्ह'मधलं प्लेक्स आणि 'रूनस्केप'मधले बाँड याच जातीचे.

यात सोन्याचा भाव रोज हलतो. नवा विस्तार आला की सगळ्यांनाच वर्गणी हवी असते आणि टोकन महागतं. सोनं साठलेलं असेल तर मधल्या शांत महिन्यांत दोन-तीन टोकनं वापरून वर्गणी पुढे ढकलून ठेवा.

१३. फुकट गेममध्ये पैसे घालायचेच असतील तर कशावर?

जी गोष्ट सीझन बदलला तरी उपयोगी पडते तिच्यावर. साठवणुकीची जागा हे सर्वांत चांगलं उदाहरण: 'पाथ ऑफ एक्झाइल'मध्ये स्टॅश टॅब एकदा घेतला की तुमच्या पुढच्या सगळ्या पात्रांना लागू पडतो. त्यानंतर आवडत्या पात्राची एखादी स्किन. ताकद वाढवणारं हत्यार सर्वांत शेवटी, कारण पुढच्या अपडेटला त्याहून भारी येणारच. त्यावरच त्यांचं दुकान चालतं.

नाण्यांच्या गठ्ठ्यांच्या खेळापासून सावध. स्किन १,००० नाण्यांची आणि गठ्ठे ८०० नि १,७०० चे, असं मुद्दाम ठेवतात. मोठा गठ्ठा घेतला की ७०० नाणी उरतात, आणि उरलेली नाणी पुढच्या खरेदीचं निमित्त होतात. दर वेळी नाण्यांचे खरे पैसे करून मगच बटण दाबा.

१४. ॲप काढून टाकलं तरी वर्गणी कापली जाते आहे. का?

वर्गणी ॲपला नाही, स्टोअरच्या खात्याला चिकटलेली असते. आयफोनवर सेटिंग्ज उघडा, वरच्या आपल्या नावावर टॅप करा, सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन रद्द करा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर, वर उजवीकडचा प्रोफाइल फोटो, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, मग सबस्क्रिप्शन्स. कंपनीच्या वेबसाइटवरून भरली असेल तर ती तिथूनच रद्द होते. स्टोअरमध्ये ती दिसणारही नाही, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

रद्द केल्यावर साधारणपणे भरलेली मुदत संपेपर्यंत खेळता येतं. त्यामुळे महिनाभरच खेळायचं असेल तर भरल्या दिवशीच रद्द करून टाका. ॲपलवर नूतनीकरणाच्या किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं.

१५. वर्गणी थांबवली तर माझ्या पात्राचं काय होतं?

पात्र सहसा तसंच राहतं. बाकीच्या गोष्टी गेमगणिक वेगळ्या. 'ईव्ह'मध्ये तुम्ही फुकट दर्जावर उतरता. शिकलेली वरची कौशल्यं पुसली जात नाहीत, फक्त वापरता येत नाहीत. 'द ओल्ड रिपब्लिक'मध्ये मर्यादेपलीकडचे गेममधले पैसे अडकून राहतात.

'फायनल फँटसी १४'मध्ये दोन गोष्टींनी लोक फसतात. एक, गेम विकत घेऊन मोफत चाचणीचं अकाउंट एकदा पूर्ण केलं की परत चाचणीवर जाता येत नाही. वर्गणी बंद म्हणजे खेळ बंद, मग पात्र पहिल्या लेव्हलचं का असेना. दुसरं, गेममधल्या घरात ४५ दिवस पाऊल पडलं नाही तर ते पाडलं जातं.

१६. गेम बंद पडणार हे आधी कसं ओळखायचं?

एका लक्षणावरून काही ठरवू नका. सर्व्हर एकत्र करणं हे बरेचदा तब्येत सुधारण्यासाठीच असतं. पण खालच्यातली दोन-तीन एकदम दिसली तर पाकीट खिशात ठेवा.

- सीझन 'थोडा वाढवला' जातो, पुढच्याची तारीख येत नाही.
- पुढच्या वर्षाचा आराखडा दरवर्षी यायचा, या वर्षी नाही.
- 'पुन्हा कधीच मिळणार नाहीत' म्हणून विकलेल्या स्किन परत दुकानात येतात.
- अपडेटच्या यादीत दुरुस्त्या कमी आणि नवे गठ्ठे जास्त.
- जुने दोष महिनोन्महिने तसेच, आणि तक्रारीला ठोकळेबाज उत्तर.

खऱ्या पैशांनी चलन विकणं बंद झालं तर मात्र निकाल लागलेलाच असतो. 'एक्सडिफायंट'ने डिसेंबर २०२४ मध्ये नवे डाउनलोड थांबवले तेव्हा सर्व्हर बंद व्हायला सहा महिने बाकी होते. गर्दी हे मात्र वाईट लक्षण नाही. डिसेंबर २०२१ मध्ये 'फायनल फँटसी १४'ला इतक्या रांगा लागल्या की कंपनीने विक्रीच काही काळ थांबवली आणि सदस्यांना एकूण २१ दिवस फुकट दिले.

१७. बंद पडला तर पैसे परत मिळतात का?

हक्क म्हणून बहुधा नाही, कंपनीच्या मर्जीने कधीकधी. 'पॅरागॉन' २०१८ मध्ये बंद होताना आणि 'रंबलव्हर्स' २०२३ मध्ये बंद होताना खेळाडूंना पैसे परत दिले गेले. 'एक्सडिफायंट'मध्ये संस्थापक गठ्ठ्यांपैकी (सुरुवातीच्या खेळाडूंना विकलेल्या) फक्त सर्वांत महागड्याचे आणि ३ नोव्हेंबर २०२४ नंतरच्या खरेदीचे मिळाले. वर्गणीच्या गेममध्ये फार तर उरलेल्या दिवसांचा प्रश्न येतो, म्हणून तिथे नुकसान लहान असतं.

विकत घेतलेला गेमही तुमचा असतोच असं नाही. 'द क्रू' २०१४ मध्ये विकला गेला आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाल्यावर एकट्यानेही खेळता येईना. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेच्या युरोपीय याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, फक्त परवानाच विकत असाल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं.

१८. गेम चालू आहे, पण मी विकत घेतलेला भागच काढून टाकला. असं करता येतं?

येतं, करार नीट वाचलात तर दिसेल. 'डेस्टिनी २' ऑक्टोबर २०१९ मध्ये फुकट झाला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यातली मूळ मोहीम व दोन जुने विस्तार काढून 'तिजोरीत' ठेवले गेले. लोकांनी ते पैसे देऊन घेतलेले होते. त्यामुळे जुना विस्तार स्वस्तात दिसला तर आधी तो पुढच्या अपडेटनंतर राहणार आहे का, ते तपासा.

१९. मुलाने माझ्या कार्डावरून खरेदी केली. काय करू?

आधी स्टोअरकडे रिफंड मागा. गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत मागितला तर सोपं जातं. बँकेकडे तक्रार करून पैसे उलटे फिरवणं हा शेवटचा मार्ग, कारण त्यावर बऱ्याच कंपन्या अकाउंट बंद करतात. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट'च्या कंपनीला नको असलेल्या खरेदीपोटी २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत द्यायला लावले. त्याच आदेशात, शुल्कावर वाद घातला म्हणून खेळाडूचं अकाउंट अडवायलाही मनाई आहे. मग प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल अशी सेटिंग करा आणि कार्ड काढून ठरावीक रकमेचं गिफ्ट कार्ड भरून ठेवा.

२०. आजीवन सदस्यत्व घ्यावं का?

२०० डॉलरचं असेल आणि वर्गणी १५ असेल तर चौदाव्या महिन्यात वसूल. म्हणून चालू होऊन तीन-चार वर्षं झालेल्या गेमचं घ्या, नव्याचं नको. कंपनीला आज रोख मिळते आणि तुमच्याकडून पुढे वर्गणी येत नाही, हेही ध्यानात ठेवा. अडचणीतली कंपनी अचानक आजीवन योजना काढते तेव्हा तिला आजचे पैसे हवे असतात.

२१. कन्सोलवर फुकट गेमला वेगळी ऑनलाइन वर्गणी लागते का?

प्लेस्टेशनवर फ्री-टू-प्ले गेमना सहसा लागत नाही. एक्सबॉक्सने एप्रिल २०२१ मध्ये ती अट काढली. गेम पाससारखी योजना हा वेगळाच प्रकार आहे: ती वर्गणी एका गेमची नसून कपाटाची (गेमच्या संग्रहाची) असते, आणि कपाटातून गेम काढला गेला की त्यासाठी घेतलेले विस्तार मूळ गेम विकत घेईपर्यंत निरुपयोगी.

२२. लूट बॉक्सवर बंदी आली तर फुकट गेम संपतील का?

संपत नाहीत, रूप बदलतात. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घेतल्या जाणाऱ्या लूट बॉक्सना (आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्यांना) जुगार ठरवलं. काही गेमनी तिथे ते काढले, आणि 'डायब्लो इम्मॉर्टल' २०२२ मध्ये तिथे आलाच नाही. नशिबाऐवजी थेट विक्री आणि बॅटल पास यांवर भर वाढला. दक्षिण कोरियाने जानेवारी २०२४ मध्ये 'मेपलस्टोरी'च्या कंपनीला ११.६ अब्ज वॉनचा दंड केला, कारण वस्तू मिळण्याच्या शक्यता खेळाडूंना न सांगता बदलल्या होत्या. त्याच वर्षी मार्चपासून तिथे शक्यता जाहीर करणं सक्तीचं झालं.

२३. बंद पडलेला गेम खासगी सर्व्हरवर खेळावा का?

खासगी सर्व्हर म्हणजे चाहत्यांनी चालवलेला. कंपनीची परवानगी नसलेला असा सर्व्हर कधीही गायब होतो, त्यामुळे तिथे देणगी सोडा, नेहमीचा पासवर्डसुद्धा वापरू नका. परवानगी मिळाल्याचं एक उदाहरण मात्र आहे. 'सिटी ऑफ हीरोज' २००४ मध्ये वर्गणीवर सुरू झाला, २०११ मध्ये फुकट झाला, ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद पडला. चाहत्यांच्या 'होमकमिंग' सर्व्हरला जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने अधिकृत परवाना दिला. तिथे ना वर्गणी ना दुकान. सर्व्हरचा खर्च खेळाडूंच्या देणगीतून निघतो.